न मोजलेल्या नद्यांचे पाणी

सन १९०८ च्या सप्टेंबर महिन्याच्या २८ तारखेस मुसी नदीला जो महापूर आला, त्याची हकीकत हैदराबादेतील बहुतेक जुन्या घराण्यांत एकदा तरी सांगितली गेलेली असते. जुन्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसांनी जीव वाचविला, ही गोष्ट लहान मुलांनाही ठाऊक असते. त्या पुरात अंदाजे पंधरा हजार माणसे प्राणास मुकली असे म्हणतात. या पुराविषयी आणखी एक प्रश्न आहे, आणि तो मात्र अभियंत्यांखेरीज फारसा कोणी विचारीत नाही. त्या दिवशी नदीतून पाणी गेले तरी किती? आणि तेवढे पाणी येऊ शकेल, हे आदल्या वर्षी कोणास सांगता आले असते काय?

नदीचे पाणी मोजणे हे पाऊस मोजण्याइतके सोपे काम नव्हे. पर्जन्यमापक कोणत्याही शाळेच्या गच्चीवर ठेवता येतो. नदीसाठी पात्राच्या काठी उंची दाखविणारी पट्टी रोवावी लागते, पात्राचा आडवा छेद मोजावा लागतो, निरनिराळ्या खोलीवर पाण्याचा वेग पाहावा लागतो, आणि पाण्याची उंची किती असता किती घनमीटर पाणी वाहते याचा आलेख वर्षानुवर्षे तयार करावा लागतो. पूर आला की पात्र बदलते. मग तो आलेख पुन्हा तपासावा लागतो. इतका खटाटोप मोठ्या नद्यांवर, मोजक्याच जागी होतो. मुसी कृष्णेला मिळण्यापूर्वी दामरचर्ला येथे केंद्रीय जल आयोगाने मापन केंद्र ठेवलेले आहे. परंतु अनंतगिरीच्या डोंगरातून निघून सुमारे २४० किलोमीटर वाहणाऱ्या या नदीस मिळणारे शेकडो ओढे आणि नाले यांवर कधी पट्टी रोवली गेली नाही. महाराष्ट्रात, तेलंगणात आणि किंबहुना साऱ्या जगात हीच स्थिती आहे. पूल मात्र त्या ओढ्यांवरही बांधावे लागतात. तलाव बांधावे लागतात, मोऱ्या घालाव्या लागतात, आणि काठावर माणसे राहतातच. ज्या ओढ्याचे पाणी कधी मोजले नाही त्याचे पाणी सांगावयाचे कसे, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम मुसीचेच गणित करून पाहू. महापुरानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस बोलाविले आणि १९०९ मध्ये त्यांनी पुराची चौकशी केली. शहराच्या वर मुसीचे पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या भूमीवर पडलेला पाऊस उतरत उतरत नदीत येतो ती सर्व भूमी, ८६० चौरस मैल भरली. पुराच्या वेळी शमशाबाद येथे २४ तासांत १२.८ इंच, म्हणजे सुमारे साडेबत्तीस सेंटीमीटर, आणि ४८ तासांत १८.९ इंच पाऊस पडला होता. पुराचा कमाल विसर्ग सेकंदाला ४,२५,००० घनफूट असा काढण्यात आला. आजच्या मापात तो सेकंदाला सुमारे १२,००० घनमीटर होतो. एवढा आकडा नुसता वाचून कल्पना येत नाही. विद्यार्थ्यांनी त्यास ३६०० ने गुणून पाणलोट क्षेत्राने, म्हणजे सुमारे २,२२७ चौरस किलोमीटरांनी, भागून पाहावे. उत्तर जवळजवळ दोन सेंटीमीटर येते. याचा अर्थ असा की, पूर शिगेला पोहोचला त्या वेळी साऱ्या पाणलोट क्षेत्रावरून तासाला दोन सेंटीमीटर जाडीचा पाण्याचा थर निघून येत होता.

त्या काळी न मोजलेल्या नदीच्या पुराचा अंदाज करण्यासाठी हिंदुस्थानात दोन सूत्रे प्रसिद्ध होती. एक डिकेन्स यांचे, १८६५ सालचे. दुसरे राइव्ह्ज यांचे, १८८४ सालचे. डिकेन्स यांचे सूत्र असे:

विसर्ग = ८२५ × (पाणलोट क्षेत्राचा तीन-चतुर्थांश घात)

येथे क्षेत्र चौरस मैलांत आणि विसर्ग सेकंदाला घनफुटांत घ्यावयाचा. लॉगॅरिथमच्या कोष्टकात ८६० ची किंमत २.९३४५ मिळते. तिची तीन-चतुर्थांश २.२००९, कोष्टकातून उलट पाहता १५८.८, त्यास ८२५ ने गुणता सुमारे १,३१,००० घनफूट. प्रत्यक्षात नदी आली ती ४,२५,००० घनफुटांनी! राइव्ह्ज यांच्या सूत्रात घात दोन-तृतीयांश असून गुणक प्रदेशाप्रमाणे बदलतो. डोंगराळ भागासाठीचा ६७५ हा मोठा गुणक घेतला तरी मुसीचे उत्तर सुमारे ६१,००० च येते. या आकड्यांवर भरवसा ठेवून ज्याने नदीकाठी घर बांधले असते, त्याचे घर पहिल्याच मजल्यावरून वाहून गेले असते.

मग ही सूत्रे खोटी होती काय? तसे म्हणता येत नाही. सूत्राचे दोन भाग असतात. क्षेत्र वाढले की पाणी वाढते, पण त्याच प्रमाणात वाढत नाही, हा पहिला भाग. लहान ओढ्याच्या साऱ्या क्षेत्रावर एकच ढग एकाच वेळी बरसू शकतो. मोठ्या नदीच्या एका टोकाला धोधो पाऊस असताना दुसऱ्या टोकाला ऊन असते. म्हणून घात एकापेक्षा कमी. हे खरेच आहे. दुसरा भाग म्हणजे ८२५ हा आकडा. तो कोठून आला? तो उत्तर हिंदुस्थानातील नद्या पाहून ठरविला गेला. त्यात तेथील उतार, तेथील माती, तेथील पावसाची धाटणी, सारे एकत्र कोंबलेले आहे. अशा आकड्यास गणितात प्राचल म्हणतात. मुसीच्या पुराशी डिकेन्स यांचे सूत्र जुळवावयाचे तर ८२५ च्या जागी सुमारे २,६७६ घालावे लागतात. एक नदी दुसऱ्या नदीचे प्राचल उसने घेते तेव्हा ती दुसऱ्या प्रदेशाची जमीन आणि आभाळ दोन्ही उसने घेत असते, ही गोष्ट सूत्र वापरणाऱ्याच्या सहज लक्षात येत नाही.

मुसीच्या बाबतीत आणखी एक भानगड होती. ८६० चौरस मैलांच्या त्या पाणलोटात ७८८ तलाव होते, म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलाला एक. काकतीयांच्या आणि कुतुबशाहीच्या काळापासून या मुलखात एकाखाली एक अशा तलावांच्या माळा बांधण्याची चाल आहे. वरचा भरला की त्याच्या सांडव्याचे पाणी खालच्यात जाते. साधारण पावसात हे तलाव पूर अडवितात. १९०८ च्या पावसात त्यांतील २२१ फुटले, आणि एकाचे पाणी खालच्यावर कोसळून तोही फुटत गेला. जे तलाव चांगल्या वर्षी नदीला आवरीत, त्यांनीच त्या रात्री तिच्यात भर घातली. डिकेन्स यांच्या सूत्रात तलावाला जागाच नाही. ‘गुणक वाढवा’ एवढाच उपाय अशा ठिकाणी पुरत नाही, असे आमचे मत आहे. गुणक वाढवून मुसीचा आकडा जमेल, पण ज्या खोऱ्यात तलाव नाहीत तेथे तोच गुणक फसवील.

विश्वेश्वरय्या यांनी शहराच्या वर जलाशय बांधण्याची जी योजना सुचविली, तिच्यातून मुसीवर उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसीवर हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. हैदराबाद संस्थानचे मुख्य अभियंता नवाब अली नवाज जंग बहादूर यांच्या नावाने पुढे पुराचे एक सूत्र रूढ झाले. त्याची खुबी अशी की, त्यात घात ठरीव नसून क्षेत्राच्या लॉगॅरिथमप्रमाणे तो स्वतःच कमी होत जातो. म्हणजे ओढ्याला एक घात आणि मोठ्या नदीला दुसरा. त्या वेळच्या संस्थानात औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हेही होते, हे आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. अली नवाज जंग यांनीच उभारलेला निजामसागर ज्या मांजरा नदीवर आहे, ती बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरातून येते.

आतापर्यंत पुराविषयी झाले. परंतु तलाव बांधणाऱ्यास दुसरीच चिंता असते: वर्षभरात पाणी येईल किती? या बाबतीतले पहिले चांगले काम मराठी मुलखात झाले आहे. अलेक्झांडर बिनी या अभियंत्याने नागपूरजवळच्या सुमारे १६ चौरस किलोमीटरांच्या एका लहानशा पाणलोटात १८६९ आणि १८७२ या दोन वर्षी पाऊस आणि ओढ्याचे पाणी दोन्ही मोजले. पावसाची बेरीज वाढत जाते तसे त्यातील किती टक्के पाणी ओढ्यात येते, याचे त्याने कोष्टक केले. वर्षाला ५० सेंटीमीटर पाऊस झाला तर १५ टक्के, ७० झाला तर २५, ८० झाला तर २९, आणि १०० झाला तर ३८ टक्के. पाहा, पाऊस दुप्पट झाला तर पाणी पाचपट होते! पहिल्या पावसाचे पाणी तहानलेली जमीन पिऊन टाकते. तिची तहान भागली म्हणजे मग ओढा वाहू लागतो. हाच बिनी पुढे लंडनच्या काउंटी कौन्सिलचा मुख्य अभियंता होऊन टेम्स नदीखालचा बोगदा बांधणार होता; पण आमच्या दृष्टीने नागपूरच्या ओढ्याकाठची त्याची दोन वर्षे अधिक मोलाची आहेत. विदर्भात आणि मध्य प्रदेशात त्याची टक्केवारी दीर्घकाळ वापरली गेली.

त्यानंतर १८९२ मध्ये स्ट्रेंज यांनी महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील मुलखाचा अभ्यास करून पाणलोटांचे ‘चांगले’, ‘मध्यम’ आणि ‘वाईट’ असे तीन वर्ग पाडले. यातील गंमत अशी की, त्यांच्या कोष्टकात ‘चांगले’ म्हणजे ज्यावरून पाणी भरभर निघून येते ते. त्याच जमिनीस शेतकरी वाईट म्हणेल. एकच जमीन धरण बांधणाऱ्याची चांगली आणि नांगर धरणाऱ्याची वाईट असते.

१९३० च्या सुमारास क्लॉड इंग्लिस आणि डिसोझा यांनी पश्चिम हिंदुस्थानातील ५३ ठिकाणच्या मोजणीवरून दोन सूत्रे बसविली. पाऊस आणि पाणी दोन्ही सेंटीमीटरांत घेऊन ती अशी:

घाटमाथ्यासाठी: पाणी = ०.८५ × पाऊस − ३०.५
दख्खनच्या सपाट प्रदेशासाठी: पाणी = पाऊस × (पाऊस − १७.८) ÷ २५४

आता एक प्रयोग करू. एखाद्या न मोजलेल्या ओढ्यावर वर्षाला ७५ सेंटीमीटर पाऊस पडतो असे धरू. दख्खनच्या सूत्राने उत्तर येते १६.९ सेंटीमीटर. नागपूरच्या टक्केवारीने, सुमारे २७ टक्के धरून, २०.२. घाटमाथ्याच्या सूत्राने ३३.२! पाऊस तोच, ओढा तोच, आणि उत्तरांत दुपटीचा फरक. यांपैकी कोणी गणित चुकलेले नाही. फरक आहे तो कोणती जमीन उसनी घेतली त्याचा. १६.९ खरे असता ३३.२ धरून तलाव बांधला, तर तो तलाव कधी भरावयाचा नाही आणि त्याखालच्या शेतकऱ्यांनी पाण्याच्या आशेवर लावलेला ऊस उभ्या उभ्या वाळून जाईल. उलट चूक झाली तर सांडवा अपुरा पडेल. येथे शेजारी म्हणून कोणास धरावे हाच कळीचा प्रश्न आहे. दख्खनच्या बेसाल्टचा विस्तार विकाराबादच्या बाजूस संपत येतो, आणि हैदराबाद ग्रॅनाइटवर वसलेले आहे. तिकडे काळी जमीन, इकडे तांबडी. पन्नास-साठ मैलांच्या आत जमीन एवढी पालटते, मग नकाशावर जवळचा तो जमिनीने जवळचाच असेल असे कसे धरावे?

आजचे जलशास्त्रज्ञ एका गुणकावर थांबत नाहीत. ते पाणलोटाचे गणिती प्रतिमान करतात. ते समजण्यासाठी दोन रांजण डोळ्यांसमोर आणावेत. पहिला रांजण म्हणजे जमिनीचा वरचा थर. पाऊस त्यात पडतो. ऊन आणि पिके त्यातून पाणी उपसतात. तो भरून वाहू लागला की काही पाणी सरळ ओढ्याकडे धावते आणि काही दुसऱ्या रांजणात उतरते. हा दुसरा रांजण म्हणजे खालचा मुरूम आणि भेगाळलेला खडक. त्याच्या तळाशी एक बारीक भोक आहे. त्यातून पाऊस थांबल्यावरही ओढ्याला संथपणे पाणी मिळत राहते. दिवाळीनंतर काही ओढे वाहतात आणि काही कोरडे पडतात, त्याचे कारण या भोकात आणि त्या रांजणाच्या आकारात आहे. आता पहिला रांजण किती मोठा, सांडलेले पाणी कोणत्या प्रमाणात वाटले जाते, भोक केवढे, आणि पाण्याला ओढ्याच्या मुखाशी पोहोचण्यास किती वेळ लागतो, एवढ्या आकड्यांत सारा पाणलोट बसवावयाचा. हीच प्राचले. फ्रान्समध्ये तयार झालेले एक प्रतिमान अवघ्या चार प्राचलांवर चालते. काहींना वीस-पंचवीसही लागतात.

ज्या नदीवर मापन केंद्र आहे तेथे हे काम संगणक करतो. प्राचले थोडी थोडी बदलत जावयाची, प्रत्येक वेळी पावसावरून पाणी काढावयाचे, आणि मोजलेल्या पाण्याशी जास्तीत जास्त जुळेल तो संच निवडावयाचा. यात एक फसगत आहे. दोन संख्यांची बेरीज दहा आहे, त्या संख्या कोणत्या, असे गुरुजींनी विचारले तर विद्यार्थी काय सांगणार? सहा आणि चार. सात आणि तीन. सारीच उत्तरे बरोबर. त्याचप्रमाणे मोठा रांजण आणि एका प्रकारची वाटणी, किंवा लहान रांजण आणि दुसऱ्या प्रकारची वाटणी, यांतून ओढ्याचे पाणी सारखेच निघू शकते. इंग्लंडमधील कीथ बेव्हन यांनी या अडचणीकडे जलशास्त्रज्ञांचे लक्ष आग्रहाने वेधले. मोजलेल्या नदीवर या फसगतीने फारसे बिघडत नाही. उत्तर जुळले म्हणजे काम झाले. पण तीच प्राचले न मोजलेल्या ओढ्यासाठी उसनी घ्यावयाची झाली म्हणजे खरा रांजण कोणता, हे कळणे अगत्याचे होते.

उसने घेण्याच्या रीती मुख्यतः तीन. सर्वांत जुनी अशी की, पुष्कळ मोजलेल्या पाणलोटांची प्राचले घ्यावयाची आणि उतार, मातीची खोली, जंगलाचा वाटा, पाऊस यांच्याशी त्यांचा संबंध सांगणारे समीकरण बसवावयाचे. मग न मोजलेल्या ओढ्याचा उतार आणि माती पाहून त्याचे प्राचल काढावयाचे. आपल्याकडे रेल्वेच्या पुलांपाशी वर्षानुवर्षे पाणी मोजून, देशाचे २६ उपविभाग पाडून, केंद्रीय जल आयोगाने अशीच समीकरणे प्रसिद्ध केली आहेत. हैदराबाद त्यांतील कृष्णा-पेन्नार उपविभागात येते. ही रीत सोयीची खरी. पण सहा-चार आणि सात-तीन यांची सरासरी करीत बसण्याचा दोष तिच्यात शिरतो. दुसरी रीत, नकाशावरील सर्वांत जवळच्या मोजलेल्या नदीचा संपूर्ण संच जसाच्या तसा उचलण्याची. तिसरी, अंतर न पाहता स्वभावाने सारखा असा पाणलोट शोधून त्याचा संच घेण्याची. फ्रान्समध्ये ९१३ पाणलोटांवर या तीन रीतींची परीक्षा झाली आणि तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. परीक्षेची युक्ती साधी असते: मोजलेली नदी न मोजलेली आहे असे सोंग घ्यावयाचे, उसन्या प्राचलांनी तिचे पाणी काढावयाचे, आणि मग झाकून ठेवलेले खरे आकडे उघडून ताडून पाहावयाचे. त्या परीक्षेत जवळच्या शेजाऱ्याची रीत पहिली आली. हे वाचून आपल्याकडील काही मंडळी तीच रीत येथे चालवू पाहतात. आमचे मत निराळे आहे. फ्रान्समध्ये मापन केंद्रांचे जाळे इतके दाट आहे की शेजारी खरोखरच शेजारी असतो. जेथे मोजलेली नदी फार लांब आणि मधे खडकच बदललेला, तेथे स्वभावाने सारखे असे दोन-तीन पाणलोट शोधून प्रत्येकाचा पूर्ण संच वापरावा, आणि एक आकडा न सांगता ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असे सांगावे, हे अधिक प्रामाणिकपणाचे होय. जगभरच्या जलशास्त्रज्ञांनी २००३ ते २०१२ हे दशक याच प्रश्नाला वाहिले होते. त्या दशकाअखेरही पावसाच्या आणि कोरड्या प्रदेशांची तुलना करता कोरड्या प्रदेशातील अंदाज अधिक चुकतात, असेच दिसून आले. आपला दख्खन कोरड्यांत मोडतो.

स्वभावाने सारखा म्हणताना जमिनीची मशागतही पाहावी लागते. पटानचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने काळ्या जमिनीचे लहान लहान पाणलोट १९७६ पासून शेजारी शेजारी ठेवून मोजले आहेत. एकात जुन्या रीतीची शेती, जीत पावसाळ्यात रान मोकळे असते. दुसऱ्यात रुंद सरी-वरंबे आणि पावसाळ्यातही पीक. आभाळ एक, माती एक. पण सुधारलेल्या शेतावरून वाहून जाणारे पाणी जुन्याच्या निम्म्याहून कमी भरले. नुसत्या नांगराच्या दिशेने रांजणाचे आकारमान बदलते, ते असे.

आणि ते काळानेही बदलते. हिमायतसागरचा पाणलोट सुमारे १,३११ चौरस किलोमीटरांचा आहे. १९८० ते २००७ या काळातील आकडे संशोधकांनी तपासले तेव्हा पावसात म्हणण्यासारखी घट आढळली नाही. जलाशयात येणारे पाणी मात्र स्पष्टपणे घटत गेलेले दिसले. विहिरी आणि विंधन-विहिरी वाढल्या, त्यांच्यावरचे बागाईत वाढले, बंधारे आणि पाझर-कामे झाली. दुसऱ्या रांजणाचे पाणी ओढ्यात येण्यापूर्वीच उपसले जाऊ लागले. १९८० मध्ये बसविलेली प्राचले २००७ मध्ये त्याच नदीस लागू पडत नाहीत. मग ती दुसऱ्या नदीस उसनी देताना सालही सांगावयास नको काय?

शहरात याच्या नेमके उलट घडते. ऑक्टोबर २०२० मध्ये १३ आणि १४ तारखांना हैदराबादेत जो पाऊस झाला त्यात नाल्यांकाठच्या कित्येक वस्त्या बुडाल्या. घटकेसरच्या बाजूस एका दिवसात ३० सेंटीमीटरांहून अधिक पाऊस नोंदला गेला. पाऊस असाधारण होता, यात शंका नाही. पण नाल्यांची रुंदी ज्या प्राचलांवर ठरली होती, ती शेते आणि माळ असतानाची होती. दोन चौरस किलोमीटरांचा एक नाला कल्पावा. तासाला पाच सेंटीमीटर पाऊस पडत असेल, तर त्या भूमीवर तासात एक लाख घनमीटर पाणी पडते, म्हणजे सेकंदाला २७.८ घनमीटर. जमीन मोकळी असताना त्यातील तीन-दशांश नाल्यात येते असे धरले तर मोरीतून ८.३ घनमीटर पाणी जाईल. त्याच जमिनीवर डांबर, फरशी आणि सिमेंटची गच्ची आली व आठ-दशांश पाणी येऊ लागले की २२.२ घनमीटर. मोरी मात्र पूर्वीचीच, आठ घनमीटरांची. उरलेले चौदा घनमीटर पाणी दर सेकंदाला रस्त्यावर येते, आणि रस्त्यावरून घरांत शिरते.

शाळेजवळच्या नाल्याचा हा दशांश विद्यार्थ्यांना स्वतः काढता येईल. त्यासाठी उन्हाळ्यात, नाला कोरडा असताना, शिक्षकांसमवेत मोरीच्या भिंतीवर तळापासून दर दहा सेंटीमीटरांस तैलरंगाची रेघ ओढावी आणि मोरीची रुंदी मोजून ठेवावी. शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवावा. पाऊस चालू असताना पाण्यात उतरू नये. पुलाच्या कठड्यामागे उभे राहून रेघ वाचावी. वर एक आणि खाली एक अशा वीस मीटर अंतरावरच्या दोन खुणांमधून वाळलेले लाकूड किती सेकंदांत जाते ते पाहावे. पृष्ठभागाचा वेग तळाच्या वेगापेक्षा जास्त असतो, म्हणून आलेल्या वेगास ०.८५ ने गुणावे. मग त्यास रुंदीने आणि खोलीने गुणले की विसर्ग मिळतो. वहीत सहा रकाने पाडावेत: तारीख, वेळ, मागील दहा मिनिटांचा पाऊस, रेघ, लाकडाचे सेकंद, विसर्ग.